अतिजड अणूंतील इलेक्ट्रॉन आणि क्यूईडी: दुरुस्ती किती, कुठे आणि कशी काढायची

प्रश्न असा आहे: अणुक्रमांक ११० ते १२० च्या पट्ट्यातील अणूंचे गणित करताना डायरॅक समीकरणावर (इलेक्ट्रॉनच्या सापेक्षतावादी समीकरणावर) उभी असलेली पद्धत पुरते का, की क्वांटम विद्युतगतिकीचे, म्हणजेच क्यूईडीचे (इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण यांच्या क्वांटम सिद्धांताचे), परिणाम धरावेच लागतात? धरायचे तर ते किती मोठे असतात आणि प्रत्यक्षात काढायचे कसे?

उत्तर तुम्हाला कोणती राशी हवी आहे त्यावर ठरते. सर्वात आतल्या के-कवचाच्या ऊर्जा हव्या असतील तर क्यूईडीशिवाय निभाव लागत नाही, कारण तिथे दुरुस्ती शेकडो ते हजारभर इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे ईव्ही, हजार ईव्ही म्हणजे एक केईव्ही) इतकी भरते. आयनीकरण ऊर्जा, बंध, इलेक्ट्रॉन आसक्ती (जादा इलेक्ट्रॉन घेताना सुटणारी ऊर्जा) अशा बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या राशी हव्या असतील, तर दुरुस्ती सापेक्षतावादी परिणामाच्या साधारण एक टक्का असते. तीही महत्त्वाची आहे. पण केंद्रकाचा आकार, ब्राइट आंतरक्रिया (इलेक्ट्रॉनांमधला चुंबकीय आणि विलंबाचा परिणाम) आणि इलेक्ट्रॉनांचा सहसंबंध (एकमेकांना टाळत होणारी त्यांची हालचाल) या तीन गोष्टी आधी मार्गी लागलेल्या नसतील, तर तो एक टक्का जोडून आकडा सुधारत नाही, फक्त सुधारल्यासारखा दिसतो. अतिजड अणूंच्या गणितात बहुतेक गोंधळ इथेच होतो, म्हणून या क्रमावर मी पुढे बराच वेळ घालवणार आहे.

आधी मोजपट्टी ठरवू. सूक्ष्मरचना स्थिरांक अल्फा म्हणजे सुमारे १/१३७.०३६. अणुक्रमांकाला अल्फाने गुणले की येणारी संख्या, तिला झेड-अल्फा म्हणू, आतला इलेक्ट्रॉन किती सापेक्षतावादी आहे ते सांगते. हायड्रोजनला ती ०.००७३, युरेनियमला (९२) ०.६७१ आणि ओगानेसॉनला (११८) ०.८६१. हलक्या अणूंत क्यूईडीचे गणित झेड-अल्फाच्या चढत्या घातांच्या मालिकेने होते. ०.८६ चे घात लवकर लहान होत नाहीत, त्यामुळे ही मालिका इथे निरुपयोगी ठरते. हायड्रोजनसाठी पाठ्यपुस्तकात असलेल्या लॅम्ब विस्थापनाच्या (क्यूईडीमुळे पातळी सरकण्याच्या) सूत्रात ११८ घालून उत्तर काढणाऱ्याला हमखास चुकीचा आकडा मिळतो. जड अणूंत केंद्रकाचे क्षेत्र सुरुवातीपासून पूर्णपणे धरावे लागते. म्हणजे इलेक्ट्रॉनचा मुक्त प्रसारक (तो एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत कसा जातो हे सांगणारे फलन) न वापरता त्या क्षेत्रात बांधलेल्या इलेक्ट्रॉनचा प्रसारक वापरावा लागतो, आणि मालिका फक्त आभासी फोटॉनांच्या संख्येत मांडली जाते. तिथला लहान गुणक अल्फा भागिले पाय, म्हणजे सुमारे ०.००२३, हाच असतो. ती मालिका मात्र छान वागते.

पहिल्या पायरीवर दोन परिणाम येतात. पहिला स्व-ऊर्जा: इलेक्ट्रॉन आभासी फोटॉन सोडतो आणि परत घेतो. याचे ढोबळ चित्र असे की, निर्वातातील क्षेत्राच्या चढउतारांमुळे इलेक्ट्रॉन एका बिंदूवर न राहता थरथरतो. त्यामुळे त्याला केंद्रकाचे टोकदार आकर्षण थोडे पसरट होऊन जाणवते आणि बंधन सैल होते. दुसरा परिणाम निर्वाताचे ध्रुवीकरण: केंद्रकाभोवतीच्या निर्वातात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या आभासी जोड्या केंद्रकाचा काही प्रभार झाकतात. दुरून आपण जो प्रभार मोजतो तो या झाकणासकटचा असतो. इलेक्ट्रॉन त्या झाकणाच्या आत शिरला की त्याला जास्त प्रभार दिसतो आणि बंधन घट्ट होते. दोन्हींची चिन्हे उलट आहेत हे पक्के लक्षात ठेवा. गणितात चिन्हाची चूक झाली तर ती इथेच पहिल्यांदा पकडता येते.

दोन्ही परिणाम केंद्रकाच्या अगदी जवळ घडतात. त्यांचा पल्ला इलेक्ट्रॉनच्या (दोन पायने भागलेल्या) कॉम्प्टन लांबीच्या, म्हणजे ३८६ फेमटोमीटरच्या आसपासचा. बोह्र त्रिज्येच्या हा सुमारे १३७ वा भाग. म्हणून केंद्रकाजवळ ज्यांची घनता जास्त त्या एस कक्षकांवर परिणाम सर्वाधिक होतो. अतिजड अणूंत मात्र पी(१/२) कक्षकालाही सोडता येत नाही. डायरॅक तरंगफलनाचा लहान घटक केंद्रकाजवळ एस कक्षकासारखा वागतो, आणि झेड-अल्फा एकाकडे सरकेल तसा हा 'लहान' घटक लहान राहत नाही.

या दोन परिणामांचे परस्परांतील प्रमाण अणुक्रमांकासोबत कसे बदलते ते पाहिले की अतिजड अणू वेगळे का, हे एका नजरेत कळते. हायड्रोजनच्या १एस पातळीत स्व-ऊर्जा ध्रुवीकरणाच्या जवळपास ३९ पट असते, म्हणून तिथे ध्रुवीकरण ही किरकोळ बाब. युरेनियमच्या एका इलेक्ट्रॉनच्या आयनात हे प्रमाण चारास एक होते. अणुक्रमांक १७० च्या कल्पित केंद्रकाशी दोन्ही परिणाम आकाराने जवळपास सारखे, प्रत्येकी ११ केईव्हीच्या आसपास होऊन एकमेकांना खोडू लागतात. म्हणून 'ध्रुवीकरण लहान असते, फक्त स्व-ऊर्जा धरू' ही हलक्या अणूंतली सवय इथे घेऊन येऊ नका. 'ध्रुवीकरणाचे विभव सोपे आहे, तेवढेच घालू' हा शॉर्टकट तर याहूनही वाईट, कारण त्याने दुरुस्तीचे चिन्हच उलटे येते.

आता खरे आकडे. युरेनियमवर फक्त एकच इलेक्ट्रॉन उरलेला आयन, म्हणजे ९१ वेळा आयनीकृत युरेनियम, या विषयाची कसोटी मानला जातो. बिंदू-केंद्रक धरून डायरॅक सूत्राने १एस ची बंधनऊर्जा १३२.३ केईव्ही येते. त्यावर स्व-ऊर्जेची दुरुस्ती +३५५.० ईव्ही आणि ध्रुवीकरणाची −८८.६ ईव्ही. ध्रुवीकरणाचे पुन्हा दोन भाग आहेत: १९३५ मध्ये मांडलेले युएलिंग विभव −९३.६ ईव्ही देते आणि केंद्रकाच्या क्षेत्राच्या वरच्या घातांचा विचमन-क्रोल भाग सुमारे +५ ईव्ही परत देतो. केंद्रक बिंदू नसून त्याला आकार आहे, याची दुरुस्ती सुमारे +१९९ ईव्ही. दोन आभासी फोटॉनांचे परिणाम एक-सव्वा ईव्ही, केंद्रकाच्या हालचालीचा परिणाम अर्ध्या ईव्हीच्या आसपास. सगळे मिळून ४६४ ईव्ही. डार्मश्टाट येथील जीएसआयच्या साठवण वलयात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापाने हा आकडा ४६०.२ अधिक-उणे ४.६ ईव्ही असा मिळाला. म्हणजे एका टक्क्याच्या अचूकतेने सिद्धांत आणि प्रयोग जुळतात. तीनच इलेक्ट्रॉन असलेल्या युरेनियम आयनात २एस ते २पी(१/२) हे संक्रमण २८०.६४५ अधिक-उणे ०.०१५ ईव्ही असे मोजले गेले आहे. त्यात क्यूईडीचा वाटा ४० ईव्हीच्या पुढे असल्यामुळे ही परीक्षा आणखी कडक आहे, आणि सिद्धांत तीही उतरतो.

या यादीत एक आकडा थांबून पाहण्यासारखा आहे: केंद्रकाच्या आकाराचे १९९ ईव्ही. हा क्यूईडीचा परिणाम नव्हे, पण ध्रुवीकरणाच्या दुप्पट आहे. ओगानेसॉनकडे गेल्यावर चित्र आणखी तीव्र होते. बिंदू-केंद्रकाचे डायरॅक सूत्र ११८ ला सुमारे २५१ केईव्ही बंधनऊर्जा देते, आणि केंद्रकाच्या आकारामुळे त्यातून सुमारे साडेतीन केईव्ही वजा होतात. त्याच पातळीची स्व-ऊर्जा एक केईव्हीच्या थोडी पुढे असते. म्हणजे इथे केंद्रकाचा आकार क्यूईडीच्या कितीतरी पट मोठा परिणाम करतो. वस्तुमानांक २९४ च्या केंद्रकाची वर्गमध्यमूळ त्रिज्या नेहमीच्या अनुभवसिद्ध सूत्राने (०.८३६ गुणिले वस्तुमानांकाचे घनमूळ, अधिक ०.५७०) ६.१३ फेमटोमीटर येते. ती एका टक्क्याने चुकली तरी १एस पातळी ३५ ईव्हीने हलते. अतिजड केंद्रकांच्या त्रिज्या थेट मोजलेल्या नाहीत. म्हणून ओगानेसॉनच्या के-कवचासाठी दोन-फोटॉनी दुरुस्त्यांवर आठवडे घालवण्याला अर्थ नाही. त्रिज्येची अनिश्चितता त्यांना सहज गिळून टाकते.

केंद्रकाच्या माहितीतली चूक क्यूईडीचे अपयश भासू शकते, याचे ठसठशीत उदाहरण बिस्मथचे आहे. बिस्मथ २०९ च्या एक-इलेक्ट्रॉन आणि तीन-इलेक्ट्रॉन आयनांच्या अतिसूक्ष्म विपाटनाची (केंद्रकाच्या चुंबकत्वामुळे पातळी दुभंगण्याची) मोजमापे २०१७ मध्ये जाहीर झाली, तेव्हा सिद्धांतापासून सात प्रमाण-विचलनांइतका फरक दिसला. दुसऱ्याच वर्षी उलगडा झाला. गणितात वापरलेला केंद्रकाचा चुंबकीय आघूर्णच चुकीचा होता, कारण तो काढताना रासायनिक परिसराची दुरुस्ती नीट धरली गेली नव्हती. नवा आघूर्ण घातल्यावर विसंगती उरली नाही. फरक दिसला की आधी केंद्रकाचे आकडे तपासा, ते कुठून आले तेही तपासा.

आता बाहेरच्या इलेक्ट्रॉनांकडे. इथे अनेकांना आश्चर्य वाटते: आत हजार ईव्हीची दुरुस्ती, मग बाहेर काही मिली-ईव्हीच का? कारण बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ क्वचितच असतो. पण जितका वेळ असतो तितक्या वेळात त्याला झाकोळ नसलेला पूर्ण प्रभार दिसतो. सापेक्षतावादी परिणामही याच भागात जन्मतो. म्हणूनच दोघांचे प्रमाण अणूगणिक फारसे बदलत नाही आणि एक टक्क्याचा नियम टिकतो. पुक्को, टोकमन आणि लाब्झोव्स्की यांनी १९९८ मध्ये पहिल्या आणि अकराव्या गटातील धातूंसाठी हे अंदाज मांडले. सोन्यात सापेक्षतेमुळे ६एस इलेक्ट्रॉनचे बंधन सुमारे २ ईव्हीने वाढते, आणि क्यूईडी त्यातले ०.०२ ईव्हीच्या आसपास परत घेते. हे मोलमागे सुमारे २ किलोज्यूल झाले, म्हणजे रसायनात ज्याला 'रासायनिक अचूकता' म्हणतात त्या मर्यादेच्या निम्मे. याचा अर्थ, अतिजड मूलद्रव्याच्या रेणूची ढोबळ स्थिरता, भूमिती किंवा ऑक्सिडेशन अवस्था ठरवायची असेल तर क्यूईडी सोडून द्या, निष्कर्ष बदलणार नाही. आयनीकरण ऊर्जा शतांश ईव्हीपर्यंत सांगायची असेल तर मात्र सोडता येत नाही.

सोन्याचेच पुढचे उदाहरण पाहा, कारण ते क्रमाचे महत्त्व शिकवते. सोन्याची आयनीकरण ऊर्जा (९.२२५६ ईव्ही) आणि इलेक्ट्रॉन आसक्ती (२.३०८६ ईव्ही) प्रयोगाने अतिशय अचूक माहीत होत्या, तरी चांगली गणितेही कित्येक वर्षे दहा-दहा मिली-ईव्हीने हुकत होती. २०१७ मध्ये एका गटाने ब्राइट आंतरक्रिया आणि क्यूईडी यांच्यासोबत एकाच वेळी पाच इलेक्ट्रॉनांच्या उत्तेजनांपर्यंत सहसंबंध धरला, तेव्हा फरक काही मिली-ईव्हीवर आला. क्यूईडी एकटी घालून हे झाले नसते, आणि सहसंबंध एकट्यानेही झाले नसते. दोन दुरुस्त्या जवळपास सारख्या आकाराच्या असताना त्यातली एकच घातली तर उत्तर आधीपेक्षा वाईटही येऊ शकते. असे झाले की 'क्यूईडीने बिघडवले' असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा असतो.

ओगानेसॉनचा ऋण आयन हा क्यूईडीचा सर्वात बोलका रासायनिक परिणाम म्हणून दाखवला जातो. निष्क्रिय वायूंच्या गटात असूनही ओगानेसॉन ८एस कक्षकात एक जादा इलेक्ट्रॉन धरून ठेवू शकतो, असे गणित सांगते. त्यासाठी सापेक्षता आणि सहसंबंध दोन्ही लागतात. २००३ च्या गणितात ही आसक्ती ०.०६४ ईव्ही आली आणि क्यूईडीने तिच्यात ०.००५९ ईव्हीची घट झाली. म्हणजे तब्बल नऊ टक्के. हा आकडा सांगताना भाजक विसरू नका. ६ मिली-ईव्ही ही दुरुस्ती स्वतः अवाढव्य नाही. आसक्तीच इतकी बारीक आहे की तिच्या तुलनेत ती मोठी दिसते. नऊ टक्के वाचून 'ओगानेसॉनचे रसायन क्यूईडी ठरवते' असे लिहिणे चूक आहे. त्या अणूचे रसायन ७पी पातळीच्या सुमारे १० ईव्हीच्या स्पिन-कक्षा विपाटनाने ठरते.

प्रत्यक्ष काम करायचे तर सुरुवात केंद्रकापासून करा. बिंदू-केंद्रक वापरूच नका. फर्मी वितरण घ्या, कडेची जाडी २.३० फेमटोमीटर. गाउसियन वितरणही बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या राशींसाठी पुरते, पण के-कवचासाठी दोन्ही प्रतिमाने लावून फरक किती पडतो ते एकदा पाहून घ्या. जाळ्यावर गणित करत असाल तर केंद्रकाच्या आत पुरेसे बिंदू आहेत का ते मोजा. पहिला बिंदू २ गुणिले १०चा उणे सहावा घात भागिले अणुक्रमांक या मापाने आणि पायरी ०.०५ अशा घातांकी जाळ्यात ओगानेसॉनच्या केंद्रकात सुमारे १८० बिंदू पडतात; तेवढे ठीक आहे. गाउसियन फलनांचा संच वापरत असाल तर एस आणि पी दोन्हींत पुरेसे टोकदार, मोठ्या घातांकाचे फलन हवे. पी मध्ये कंजुषी केली की पी(१/२) ची केंद्रकाजवळची घनता चुकते, आणि त्यामागोमाग त्याची क्यूईडी दुरुस्तीही.

यानंतर ब्राइट आंतरक्रिया: इलेक्ट्रॉनांमधले चुंबकीय आकर्षण-प्रतिकर्षण आणि आंतरक्रियेला लागणारा वेळ. जड अणूच्या के-कवचात ती शेकडो ईव्हीची असते, म्हणजे क्यूईडीच्याच तोलाची. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांतही दोघी साधारण सारख्याच. एक धरून दुसरी सोडणे समर्थनीय नाही. शक्य असेल तर ब्राइट आंतरक्रिया स्वसंगत गणितातच (कक्षक पुन्हा पुन्हा काढून स्थिरावेपर्यंतच्या गणितात) घाला. शेवटी प्रथम क्रमाची दुरुस्ती म्हणून जोडली तर गाभा तिच्यानुसार सैलावत नाही.

मग क्यूईडी. ध्रुवीकरण सोपे आहे: युएलिंग विभव स्थानिक आहे, केंद्रकाच्या वितरणावर संकलन करून थेट केंद्रकाच्या विभवात मिळवा. अणुक्रमांक ९० च्या पुढे विचमन-क्रोल भागही घ्या; युरेनियमचा वरचा आकडा दाखवतो की तो युएलिंगच्या पाच टक्क्यांहून जास्त आहे. कठीण आहे ती स्व-ऊर्जा. ती स्थानिक नाही आणि ऊर्जेवर अवलंबून असते, म्हणून अनेक इलेक्ट्रॉनांच्या अणूत तिचे काटेकोर गणित जवळपास अशक्य, आणि कुठले ना कुठले प्रतिमान वापरावे लागते. माझी पसंती शाबायेव, तुपित्सिन आणि येरोखिन यांच्या २०१३ च्या प्रतिमान-कारकाला. त्यात एक स्थानिक घातांकी भाग असतो आणि त्यावर हायड्रोजनसदृश आयनांच्या काटेकोर गणिताशी जुळणारा अस्थानिक भाग. अणुक्रमांक ११० ते १७० साठी त्याचा विस्तार २०२२ मध्ये झाला, त्यामुळे अतिजड अणूंसाठी बाहेरून आकडे ताणण्याची गरज उरलेली नाही. फ्लॅमबॉम आणि गिंजेस यांचे २००५ चे प्रारणी विभव बसवायला आणखी सोपे आहे, कारण ते सरळ विभव आहे: चुंबकीय भाग, उच्च वारंवारतेचा विद्युत भाग आणि कमी वारंवारतेचा भाग. एस कक्षकांसाठी दोन्ही पद्धती छान जुळतात. डी कक्षकांत मतभेद दिसू शकतात, म्हणून तिथे दोन्ही लावून फरकालाच अनिश्चितता माना.

हातात काहीच तयार साधन नसेल तर गुणोत्तराची युक्ती करा. बाहेरच्या एस इलेक्ट्रॉनसाठी युएलिंग विभवाची सरासरी काढा, ते मिनिटांचे काम आहे. मग त्याच अणुक्रमांकाच्या हायड्रोजनसदृश आयनात २एस पातळीसाठी स्व-ऊर्जा आणि ध्रुवीकरण यांचे जे गुणोत्तर असते त्याने गुणा. दोन्ही परिणाम केंद्रकाजवळच्या एकाच भागात घडत असल्यामुळे हा अंदाज आश्चर्यकारक चांगला येतो. पी आणि डी साठी ही युक्ती वापरू नका.

आता काय बिघडते ते. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्क्रीनिंग केलेल्या हायड्रोजनसदृश सूत्रात बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा परिणामी प्रभार त्याच्या सरासरी त्रिज्येवरून ठरवणे. सरासरी त्रिज्या सांगते की इलेक्ट्रॉन बहुतेक वेळ कुठे असतो. स्व-ऊर्जा विचारते की तो केंद्रकाजवळ किती असतो. दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि चुकीच्या प्रश्नाचे उत्तर कित्येक पटींनी चुकते. केंद्रकाजवळच्या घनतेवरूनच प्रमाण लावा. बहुविन्यास डायरॅक-फॉक पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये, उदाहरणार्थ ग्रास्पमध्ये, स्व-ऊर्जा कोणत्या मुख्य क्वांटम अंकापर्यंत धरायची ते विचारले जाते. तिथे सर्वात मोठा अंक देऊन मोकळे होऊ नका. सहसंबंधासाठी घातलेल्या कक्षकांना ७डी वगैरे नावे असली तरी ते खरे भौतिक कक्षक नसतात, आणि त्यांच्यासाठी काढलेली स्व-ऊर्जा निरर्थक असते. खरोखर भरलेल्या कक्षकांपुरतीच मर्यादा ठेवा.

दुसरी चूक दुहेरी मोजणीची. छद्मविभव (गाभ्यातील इलेक्ट्रॉनांच्या जागी घातलेले परिणामी विभव) वापरणाऱ्यांनी ते कशावर बसवले आहे हे आधी वाचावे. मूलद्रव्य १११ ते ११८ साठी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊर्जा-सुसंगत छद्मविभवांच्या बांधणीतच क्यूईडीचे परिणाम सामावलेले आहेत. त्यावर पुन्हा वेगळी दुरुस्ती जोडली की एक टक्क्याचे दोन टक्के होतात, आणि हे शेवटच्या उत्तरावरून ओळखता येत नाही.

तिसरी चूक गाभ्याची प्रतिक्रिया विसरण्याची. स्व-ऊर्जेमुळे गाभ्यातील एस कक्षक किंचित पसरतात, केंद्रकाला कमी झाकतात, आणि डी व एफ कक्षकांचे बंधन त्यामुळे किंचित वाढते. डी वरचा थेट परिणाम नगण्य, पण हा अप्रत्यक्ष परिणाम नाही. रोएंटगेनियमसारख्या अणूत जिथे ६डी आणि ७एस पातळ्या एकमेकींच्या स्पर्धेत असतात, तिथे ७एस वर ढकलली जाते, ६डी खाली ओढली जाते, आणि फरकात दोन्ही परिणाम बेरजेने येतात. म्हणून प्रतिमान-कारक स्वसंगत गणितात घाला. शेवटी फक्त सरासरी काढून जोडाल तर हा भाग हरवतो. रेणूंसाठी घनता-फलनाच्या जाळ्यावर क्यूईडी विभवाचे संकलन करत असाल तर आणखी एक धोका: ही जाळी बंधांच्या भागासाठी आखलेली असतात. तुमचे विभव बोह्र त्रिज्येच्या १३७ व्या भागात राहते. जड अणूभोवती त्रिज्य बिंदू वाढवा आणि उत्तर स्थिरावते का पाहा.

अतिजड अणूला हात लावण्याआधी तुमचा प्रोग्रॅम एक-इलेक्ट्रॉन युरेनियम आयनावर चालवा. युएलिंगचे −९३.६, ध्रुवीकरणाची बेरीज −८८.६, स्व-ऊर्जा ३५५, केंद्रकाचा आकार १९९. हे चार आकडे जुळत नाहीत तोवर ११८ कडे जाऊ नका. युएलिंग जुळले आणि केंद्रकाच्या आकाराचा आकडा हुकला, तर दोष बहुधा त्रिज्येत किंवा फलन-संचात. उलट झाले तर एककांत किंवा कॉम्प्टन लांबीच्या व्याख्येत, कारण साधी आणि दोन पायने भागलेली अशा दोन व्याख्या प्रचारात आहेत आणि त्यांची अदलाबदल होते.

प्रश्नासोबत नेहमी येणारी शंका १३७ ची. बिंदू-केंद्रकाच्या सूत्रात वर्गमुळाखाली १ वजा झेड-अल्फाचा वर्ग असतो, म्हणून १३७ च्या पुढे ऊर्जा काल्पनिक संख्या होते आणि आवर्तसारणी तिथे संपते, असे सांगितले जाते. हा बिंदू-केंद्रकाचा दोष आहे. केंद्रकाला खरा आकार दिला की १एस पातळी १३७ सहज ओलांडते आणि अणुक्रमांक १७३ च्या आसपास तिची बंधनऊर्जा इलेक्ट्रॉनच्या विरामऊर्जेच्या दुपटीला, १,०२२ केईव्हीला, पोहोचते. तिथून पुढे ती ऋण ऊर्जेच्या सलग पट्ट्यात बुडते, आणि पातळी रिकामी असेल तर आपोआप पॉझिट्रॉन बाहेर पडावेत असे भाकीत आहे. क्यूईडी हे बुडणे थांबवेल का, असे विचारले जाते. तिथे स्व-ऊर्जा सुमारे ११ केईव्ही आणि ध्रुवीकरण जवळपास तेवढेच उलटे, तर अणुक्रमांक एकाने बदलला की ऊर्जा जवळपास ३० केईव्ही बदलते. म्हणजे बुडण्याची जागा एका अणुक्रमांकानेसुद्धा हलत नाही. युरेनियमवर युरेनियम आदळून क्षणभर १८४ चा एकत्र प्रभार तयार करण्याचे प्रयोग झाले. १९८० च्या दशकात पॉझिट्रॉनांच्या वर्णपटात दिसलेल्या अरुंद रेषा पुढे अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेतील प्रयोगात दुजोरा न मिळाल्याने मागे पडल्या. टकरीत केंद्रके १०चा उणे एकविसावा घात इतक्या सेकंदांपुरतीच जवळ राहतात, आणि आपोआप होणाऱ्या उत्सर्जनाला एवढा वेळ फारच कमी आहे.

प्रयोगाच्या बाजूला आज खरी अचूक संख्या उपलब्ध असलेले सर्वात जड मूलद्रव्य नोबेलियम (१०२) आहे: लेझर वर्णपटाने त्याची आयनीकरण ऊर्जा ६.६२६२१ अधिक-उणे ०.००००५ ईव्ही मिळाली. लॉरेन्सियमची (१०३) २०१५ ची संख्या ४.९६ ईव्ही आहे, पण तिची त्रुटी दहा मिली-ईव्हींच्या कित्येक पट, त्यामुळे तिथे क्यूईडीबद्दल काहीच बोलता येत नाही. नोबेलियमच्या मोजमापात क्यूईडी दिसण्याइतकी बारीकी पुरेपूर आहे. अडते ते गणिताकडे, कारण १०२ इलेक्ट्रॉनांच्या सहसंबंधातली अनिश्चितता अजून मोजमापाच्या कित्येक पट मोठी आहे. या क्षेत्रात नवीन कोणी काम सुरू करत असेल, तर मी त्याला आधी सहसंबंधाच्या अभिसरणाचा तक्ता मागेन: फलन-संच वाढवत, गाभ्यातले इलेक्ट्रॉन एकेक कवचाने मोकळे करत, तिहेरी आणि पुढची उत्तेजने जोडत आयनीकरण ऊर्जा किती हलली. त्या तक्त्याची शेवटची पायरी १० मिली-ईव्हीच्या आत आली, की क्यूईडीचा स्तंभ त्याच्या शेजारी वेगळा मांडायचा, बेरजेत मिसळून टाकायचा नाही.